मिलेनचा लॅपटॉप

— नाही हो, चार्जरचा काही दोष नाही. चार्जर आणलाय मी, हा बघा, पिशवीतच आहे. चालू होतो तो, झकास चालू होतो, तेच तर दुखणं आहे — एवढं सगळं करून झालं तरी जसाच्या तसा चालू होतो. काय सांगत होतो मी? हां, सात वेळा. सात वेळा मी त्याच्यावर नवी सिस्टीम टाकून बघितली आणि सातही वेळा त्यानं घेतली नाही. पेनड्राइव्ह लावला, तो निळा पडदा आला, भाषा विचारली, देश विचारला, सगळं नीट विचारलं, मग म्हणाला कुठल्या ड्राइव्हवर टाकू — अरे एकच आहे, त्याच्यावर टाक — तर म्हणतो, या ड्राइव्हवर बसवता येणार नाही. का? तर का ते सांगत नाही, एक लांबलचक आकडा देतो. तो मी लिहून आणलाय. थांबा… हा, विजेच्या बिलामागे. तुम्हाला त्यातलं कळत असेल. मग मी म्हटलं, आधी ड्राइव्ह साफ करू. फॉरमॅट मारू. ते भाग असतात ना ड्राइव्हचे, ते एकेक करून उडवले. झालं म्हणाला, रिकामं म्हणाला, मी खूश. बंद करून चालू केला — तर पुन्हा समोर तोच फोटो! मिलेन आणि तिचा तांबडा कुत्रा, समुद्राच्या काठावर, दोघांची तोंडं वाऱ्याला. जणू काही मी काही केलंच नाही. मिलेन म्हणजे — माझ्या मित्राची मुलगी. लॅपटॉप मित्राचाच म्हणा ना. मी नुसता आणून द्यायला आलोय, कॅराकेटहून.

आहे हो, कॅराकेटमध्ये पण आहे एक दुरुस्तीवाला. चर्चच्या समोरच आहे. पण तो माझ्या बायकोचा मावसभाऊ, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी त्याच्याकडे टोस्टर दिला तर दुपारी बंदरावर लोक विचारतात, काय ओरेल, टोस्टर जळला म्हणे? म्हणून म्हटलं इकडे बाथर्स्टला यावं, तासाभराचा तर रस्ता आहे, नाहीतरी आज दुपारी मला इथे काम होतंच, बसथांब्यावर. एका फेरीत दोन कामं. आणि मित्राचं खासगी सामान आहे ना त्याच्यात, त्यामुळे — काय? कुठे? हां. ते झाकणावरचं स्टिकर. मिलेन तेरियो. आणि तुमच्या पावतीवर मी आत्ताच माझं नाव लिहिलंय ओरेल तेरियो. बरं. बरं, माझ्या मुलीचा आहे. मित्राचा नाही. कशाला खोटं बोललो कुणास ठाऊक, तुम्ही काही विचारलंही नव्हतंत.

उघडा ना, उघडा, माझी हरकत नाही. ते मागचे स्क्रू मी नाही हं उघडले. शपथ. म्हणजे — दोन उघडले. तो कोपऱ्यातला घासला गेलाय तो माझ्याच हातून. हसू नका, एकतीस वर्षं सॉ मिलमध्ये करवतींना धार लावली मी, एकेक पातं वीस-वीस फूट लांब, केसाएवढा फरक पडला तरी बोटाला कळायचा. मिल बंद पडली त्या दिवशी मालक म्हणाला होता, ओरेलनं लावलेली धार डोळे मिटून ओळखता येते. माझं कुठलंही यंत्र आजवर दुसऱ्याच्या हातात गेलेलं नाही. गाडी, बोटीचं इंजिन, बर्फ काढायचं यंत्र, शेजारणीचं शिवणयंत्र — सगळं मी करतो, माझ्या गॅरेजमध्ये. आणि हे एवढंसं पाटीएवढं डबडं — चार रात्री झोप नाही हो मला. ड्राइव्ह तो? एवढाच? ही च्युइंगमची पट्टी? एवढ्याशा पट्टीनं माझं नाक खाली केलं.

का पुसायचाय म्हणजे? मुलीला नवाकोरा करून द्यायचाय, बस. तीन महिने झाले, ती लॅब्रडॉरला गेलीय, नर्स आहे, तिकडे वर विमानानंच जावं लागतं अशा गावात एक दवाखाना आहे, तिथे कामाला. त्यांनी तिला तिकडचा लॅपटॉप दिला, म्हणून हा माझ्याकडे ठेवून गेली. जाताना म्हणाली, बाबा, यावर हॉकी बघ, तुझ्या त्या टीव्हीवर खेळाडू कुठला नि ती पकची चकती कुठली कळत नाही. परवलीचा शब्द पण कागदावर लिहून दिला, फ्रीजवर चुंबकाखाली लावून गेली. आज येतेय ती. आज संध्याकाळी. म्हणून म्हटलं — नाही, हळू नव्हता चालत. नाही, बंदही नव्हता पडत. अहो, व्हायरस शिरला असेल, असं वाटलं मला. काहीतरी दाबलं असेल मी हॉकी बघताना, या वयात माणूस काय दाबतो त्याला कळतं का. तुम्ही लावलाय ना तो तुमच्या मशीनला? दिसतोय? सगळं दिसतंय? — म्हणजे, वाचता येतंय सगळं? ते मेलबिल नका उघडू. नाही, तुम्ही उघडताय असं नाही म्हणत मी. नुसतं सांगतोय.

काय म्हणालात, पुन्हा सांगा. झिजलाय. बरं. लिहून लिहून झिजला आणि आता त्यानं स्वतःलाच कुलूप लावून घेतलंय. वाचू देतो, पण नवीन काही लिहून घेत नाही आणि जुनं पुसूही देत नाही. पुसलं, पुसलं म्हणतो नुसता, आणि बंद करून चालू केला की सगळं होतं तिथे. म्हणजे व्हायरस नाही. म्हणजे मी काही चुकीचं केलं नव्हतं, सातही वेळा मी बरोबरच करत होतो, तोच घेत नव्हता. ते एक बरं झालं. नाही, बरं काय झालं — मग आता पुसायचं कसं? पुसताच येत नाही? दुसरा ड्राइव्ह बसवायचा, ठीक आहे, बसवा, पैशाचं काही नाही, पण हा जुना? हा तुम्ही फोडा. हातोडा नसेल तर माझ्या गाडीत आहे, मी फोडतो. इथेच, तुमच्या पायरीवर. का नाही? कुणाची परवानगी? तिची? अहो, मी बाप आहे तिचा! … हो. आहे ती तीस वर्षांची. हो, तिचे फोटो असतील. तिच्या कुत्र्याचे. तो मेला गेल्या वर्षी. हो. कळलं मला.

नाही, नाही, बसतो. उठलो नाही, पाय आखडला होता. तुमच्याकडे आता कुणी गिऱ्हाईक येणार आहे का? नाही ना? मग सांगतो, कारण तुम्ही मला असे बघताय ना, की जणू मी काहीतरी भलतंसलतं, घाणेरडं बघत होतो त्याच्यावर. तसलं काही नाही. तसलं असतं तर एक वेळ बरं होतं, या वयात लोक हसून सोडून देतात. मी पत्रं लिहिली. मेल. माझ्या बायकोला. दोन वर्षं झाली, ती माँक्टनला असते, तिच्या बहिणीच्या घरी — बहीण क्लोदेत गेली, घर राहिलं, ते आवरायला म्हणून गेली ती परत आलीच नाही. भांडण नाही, कोर्ट नाही, काही नाही. हिवाळ्याचे कपडे न्यायला एकदा आली, मी घरात नव्हतो तेव्हा. मी फोन केले. म्हणजे सुरुवातीला केले. ती उचलायची, मी विचारायचो, तिथल्या घर तापवायच्या भट्टीचं फिल्टर बदललंस का? ती म्हणायची, बदललं. मग मी म्हणायचो, बरं, ठेवतो. असले फोन किती करणार माणूस.

तर मार्चमध्ये एके दिवशी मी हॉकी लावायला हे उघडलं आणि कोपऱ्यात टिंग वाजलं. योलांदचं, माझ्या बायकोचं पत्र. मिलेनला लिहिलेलं, मला नाही. ‘टोमॅटोची रोपं’ असं वर लिहिलं होतं. टोमॅटोत काय खासगी असतं, सांगा? वाचलं. इकडे अजून बर्फ आहे, खिडकीत रोपं लावलीत, तू जेवतेस का नीट, एवढंच. पण तिचीच बोली होती हो ती, ‘अगं ऐक ना’ म्हणून सुरू करायची सवय, ती तशीच तिथे. दोन वर्षांनी ऐकली. तीन दिवस ते पत्र तसंच पडलेलं, मिलेनचं उत्तर नाही. मी म्हटलं पोरगी कामात असेल, तिकडे वादळ असेल, ही काळजी करत बसेल. म्हणून मी लिहिलं. दोन बोटांनी. ‘मी ठीक आहे आई. काळजी करू नकोस. रोपांना रात्री पडद्याआड ठेव, काचेजवळ गारठतात.’ आणि पाठवलं. एवढंच, नुसतं ती काळजी करू नये म्हणून. आणि दहा मिनिटांत उत्तर! दहा मिनिटांत. ‘खरंच की, आज रात्रीपासून ठेवते.’ मी किती वेळ त्या पडद्याकडे बघत बसलो होतो ते नका विचारू. हॉकी संपून गेली होती.

अकरा. अकरा पत्रं, मार्चपासून जूनपर्यंत. आणि हो, मिलेन कशी लिहिते ते बघायला मी तिची जुनी पत्रंही वाचली. तीही. आईला लिहिलेली, दोन वर्षांची. हे मी पाद्रीलासुद्धा सांगितलेलं नाही. काय सापडलं मला तिथे, ठाऊक आहे? आईनं दर वेळी विचारलंय, बाबा कसा आहे — आणि पोरीनं दर वेळी एकच ओळ लिहिलीय. ‘बाबा ठीक आहे. गॅरेजमध्ये असतो.’ दोन वर्षांत माझ्याबद्दल लिहिण्यासारखं तिला एवढंच दिसलं. रागानं नाही लिहिलेलं. तसं असतं तर बरं वाटलं असतं. फ्रीज ठीक आहे, स्वयंपाकघरात असतो — तसं. मग मी माझ्या पत्रांत जरा वाढवून लिहायला लागलो. बाबा आता रोज फिरायला जातो. बाबानं नाल्याकाठच्या नेच्याचे कोवळे कोंब, फिडलहेड, खुडून आणले, लोणी-व्हिनेगर घालून छान केले होते. बाबा परवा तुझी आठवण काढत होता. खोटं नव्हतं ते! फिडलहेड आणले होते मी. आठवण काढत होतो. फक्त सांगणारी मिलेन होती. माझ्याबद्दल चांगलं कुणी लिहिणार नव्हतं म्हणून मीच लिहीत होतो, पोरीचं नाव लावून. लाज वाटते हो. तेव्हाही वाटत होती, दर वेळी पाठवून झालं की गॅरेजमध्ये जाऊन उभा राहायचो आणि आता बस म्हणायचो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या आधी पुन्हा याच्यासमोर.

आणि सातव्या पत्रात मी विचारलं. मिलेन म्हणून. ‘आई, तू बाबाला खरं का सोडलंस?’ माझ्या तोंडानं मला ते या जन्मात विचारता आलं नसतं. पोरीच्या तोंडानं विचारलं. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं. पाठ आहे मला, पण सगळं नाही सांगणार. ती लिहिते, तुझा बाबा पीत नाही, त्यानं कधी हात उचलला नाही, लोकांची कामं फुकट करतो, असा नवरा सोडला म्हणून गावात बायका मला वेडी म्हणतात. पण क्लोदेत गेली त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून एकटी गाडी चालवत घरी आले. दारात उभी राहिले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, गाडीचं पुढचं चाक घरघर करत होतं का? मी म्हटलं, हो. तो विजेरी घेऊन बाहेर गेला. दीड तास तो चाकाशी होता. दीड तास मी कोट अंगावर ठेवून खुर्चीत बसले होते. तो आत आला, हात धुतले आणि म्हणाला, झालं. आणि झोपायला गेला. त्या रात्री मला कळलं की मी मेले तरी हा आधी कुठे काय घरघरतंय ते बघेल.

बेअरिंग गेलं होतं हो त्या चाकाचं! खरंच गेलं होतं! दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा माँक्टनला जायचं होतं, अंत्यविधीचं ठरवायला, अडीच तास, बर्फातून, आणि ते चाक हायवेवर निखळलं असतं. तिला काय सांगू मी, काय बोलू? बहीण गेली, वाईट झालं, असं? ते तर तिलाही माहीत होतं. मला वाटलं, चाक तरी मी नीट करू शकतो. उणे अठरामध्ये उघड्या बोटांनी केलं मी ते, हातमोज्यात नट धरता येत नाही म्हणून. आणि तिच्या डोळ्यांसमोर मात्र — काय म्हणालात? नाही, बोलला नाहीत तुम्ही. मला वाटलं. हो, सांगू शकलो असतो. ‘योलांद, मी चाक बघून येतो, तू निजू नकोस, मी आलोच’ — एवढं एक वाक्य. एवढंच लागलं असतं. ते मला दोन वर्षांनी सुचलं, पोरीचा लॅपटॉप मांडीवर घेऊन.

मग माणसानं तिथे थांबावं ना? मी नाही थांबलो. मी लिहिलं — मिलेननं लिहिलं — की चौदा तारखेला शुक्रवारी मी बाबाकडे असेन, तूपण ये. बसनं बाथर्स्टला उतर, पावणेचारला, मी घ्यायला येते. योलांदनं विचारलं, बाबाला विचारलंस का, त्याला चालेल? मी लिहिलं, विचारलं, तो हो म्हणाला. हसा, हसा, मलाही हसू आलं होतं तेव्हा, म्हटलं निदान हे तरी खरं आहे, त्याला विचारलंय आणि तो हो म्हणालाय. तिनं तिकीट काढलं. आणि मग माझी बोबडी वळली. कारण मिलेन पण आजच येणार, विमानानं माँक्टनला उतरून गाडी भाड्यानं घेऊन, आणि दोघी माझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या की पहिल्या दोन वाक्यांत सगळं बाहेर पडणार. तुझं पत्र मिळालं. कुठलं पत्र? संपलं. म्हणून मी सोमवारपासून हे पुसायला बसलो. लॅपटॉपच कोरा असला तर पुरावा कुठेय? मग म्हटलं असतं, मला काय माहीत, कुणी लबाड माणसं शिरली असतील, असतात ना तसली हल्ली. बायकोला फसवलं ते फसवलं, वर पोरीच्या तोंडावर खोटं बोलायची तयारी केली होती मी, चार रात्री, पेनड्राइव्ह लावून. बसथांब्यावर जाऊन योलांदला काय सांगायचं तेही ठरवलंय — मिलेनला उशीर झालाय, तिनं मला पाठवलं. कोंबडीचा रस्सा, फ्रिको, शिजवून ठेवलाय घरी. बटाटे जरा जास्तच पडलेत.

काय? नाही, सांगा ना, काय म्हणत होतात? … तिच्या फोनवर. म्हणजे कसं? लॅपटॉपवर येतं ते फोनवर पण येतं. तेच पत्र. त्याच वेळी. आणि इथून पाठवलेलं? … तेही. मेल इथे नसतंच मुळी. ते त्या कंपनीच्या तिकडे कुठेतरी असतं, आणि हा नुसता — हा नुसता दाखवतो. म्हणजे याच्यावर नवी सिस्टीम बसली असती, सातव्या काय पहिल्याच वेळी बसली असती, तरी —

थांबा. थांबा जरा. पाणी आहे का? नको, राहू द्या.

तिकडे फोन चालतो तिचा. दर रविवारी बोलतो आम्ही. चांगला चालतो. म्हणजे मार्चपासून, पहिल्या पत्रापासून, तिच्या खिशात टिंग वाजत होतं. रोपांना पडद्याआड ठेव. बाबा तुझी आठवण काढत होता. तू बाबाला खरं का सोडलंस. आणि ते उत्तर — तेही तिनं वाचलं असणार, तिकडे, त्या बर्फात, ड्युटीवर. आणि काही बोलली नाही. नाही — बोलली. बोलली हो ती. आता कळतंय मला. गेले तीन रविवार तिनं मला एकच विचारलंय. फोन ठेवायच्या आधी थांबते आणि म्हणते, बाबा, तुला मला काही सांगायचंय का? पहिल्यांदा मी म्हटलं, पन्हळीत पानं अडकली होती, काढली. दुसऱ्यांदा म्हटलं, लॉब्स्टर यंदा लहान आहेत. आणि परवाच्या रविवारी — परवा ती म्हणाली, काहीही असलं तरी चालेल, बाबा, मी ऐकतेय. आणि मी म्हटलं, नाही गं, लॅपटॉप अगदी ठीक आहे. तिनं लॅपटॉपबद्दल विचारलंसुद्धा नव्हतं! मग म्हणाली, बरं, शुक्रवारी भेटू.

लावू नका. तो नवा ड्राइव्ह लावू नका, अहो ठेवा तो. जुनाच लावा परत. असू दे, लिहून घेत नाही तर नको घेऊ दे, तिचे कुत्र्याचे फोटो तरी राहतील. तिला हवं तर ती करेल काय करायचं ते, तिचा आहे. स्क्रू घट्ट करा. तो घासलेला पण, हां. तुमचे पैसे किती झाले ते — नुसतं बघण्याचे काही नाही? नाही, असं नका करू, काहीतरी घ्या. बरं. मग त्या मदतपेटीत टाकतो.

मी इथूनच फोन करू का? गाडीत जाऊन बसलो ना, तर नाही करणार मी. मला माहितीये माझं. गाडीत बसेन आणि बघेन की वायपर सैल झालाय. इथे तुम्ही बघताय तोवरच — हं. लागतोय. ती आत्ता गाडी चालवत असेल, माँक्टनहून निघाली असेल, गाडीतलं ते बोलणं असतं ना तिचं, हात न लावता — वाजतोय. दोनदा वाजला. तुम्ही जाऊ नका हं कुठे. पाहिजे तर तिकडे तोंड करा, पण जाऊ नका.

मिलेन? हो, मी. बाबा. नाही, काही झालं नाही. तब्येत ठीक आहे. तू गाडी चालवतेयस ना? मग बाजूला घे आधी. घे गं, मी थांबतो. … घेतलीस? ऐक. लॅपटॉप ठीक नाहीये. नाही, ते राहू दे लॅपटॉपचं, ते नव्हतं सांगायचं. मी तुझी पत्रं वाचली. आणि तुझ्या नावानं आईला लिहिलं. अकरा वेळा. मी — हो. … हो, मला कळलंय की तुला माहितीये. आत्ताच कळलं, पाच मिनिटांपूर्वी. तरी मला सांगू दे. मला सगळं सांगू दे एकदा, मधे बोलू नकोस, नाहीतर मी पुन्हा पन्हळीवर जाईन. तुझं नाव वापरलं मी. तुझ्या तोंडून तिला विचारलं. आणि हे लपवायला चार रात्री तुझं सगळं पुसायला बसलो होतो, कुत्र्याच्या फोटोंसकट. गेलं नाही काही, आहे सगळं. पण मी पुसणार होतो. … रडतेयस का? … मग हसतंय कोण? कोण आहे तुझ्या शेजारी?

… बसनं येणार होती ना ती? … तू घेतलंस तिला. बरं. … आणि कधीपासून ऐकतेय? … सगळं. … तिला, म्हणजे तिला आधीपासूनच —? कितव्या पत्रापासून? … दुसऱ्या. … दुसऱ्या म्हणजे एप्रिल पण उजाडला नव्हता. म्हणजे ते चाकाचं — ते तिनं मला लिहिलं होतं. तुला नाही. मलाच.

नाही, नको, बंद करू नकोस. राहू दे चालू. तिच्या हातात दे. … योलांद —

अहो. अहो, तुम्ही जरा बाहेर जाता का? हो, दुकान तुमचं आहे, माहितीये मला. पाचच मिनिटं. जा ना. आणि दार ओढून घ्या.